आधी हात भिजवा

सिअ‍ॅटल, ऑगस्टअखेर

प्रिय ऑरिन,
थोरल्या भावाचा आशीर्वाद.

इस्पितळात माझं बरं चाललंय. जेवण मिळमिळीत असतं, पण जातं.

आपली नदी कशी आहे? पाणी तापलं असेल तर गळ टाकायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना दुपारीच घरी धाड. कुरकुरले तर कुरकुरू देत, पण तापल्या पाण्यात ट्राउट माशांना गळाशी झुंजवून दमवू नकोस. वाकड्या झाडाखालच्या डोहातली म्हातारी ट्राउट अजून दिसते का? नसेल दिसत, तर कळवू नकोस.

जन्मभर मी गिऱ्हाइकांवर खेकसलो, "मासा धरण्याआधी हात भिजवा रे!" कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग गळातून सोडवून परत पाण्यात सोडला तरी मासा मागाहून मरतो.

इथल्या नर्स मला कोरडे रबरी मोजे घालून धरतात.

भेटायला निघताना हात नदीत बुडवून ये. वाटेत वाळले तरी चालतील.

तुझा दादा,
लाइल