तिरपी किल्ली

मंगळवार, १८ ऑगस्ट १९६४

दंतवैद्यानं आज माझी खुर्ची घेतली.

दुइलिओच्या बारमधली, खिडकीजवळची. वीस वर्षं लोक तिच्यासमोर घडीचे चाकू आणून ठेवतात आणि विचारतात, ओविदिओ, हा कधीचा रे? मी पात्याच्या बुडाशी ठोकलेला कारागिराचा ठसा बघतो आणि साल सांगतो. आज गेलो तर तिथं डॉक्टर लांफ्रांको. बोलोन्यात आयुष्यभर दात उपटले, निवृत्त झाला, आमच्या स्कार्पेरियात, चाकू करणाऱ्यांच्या गावात, येऊन जेमतेम दीड वर्ष. दाढा बघायचं भिंग डोळ्याला लावून आमचेच चाकू आम्हाला समजावतोय! मला बघून म्हणाला, "बसा ना." माझ्या गावात, माझ्या खुर्चीवरून!

आणि त्याचे दात सगळे स्वतःचे.

बुधवार, १९ ऑगस्ट

दाढ दुखतेय. जाणार नाही त्याच्याकडे. लवंग धरली.

रविवार, २३ ऑगस्ट

आठ सप्टेंबरच्या जत्रेला नगरपालिकेच्या दालनात जुने चाकू मांडतात. प्रत्येकापुढे कार्ड — कारागीर, साल. कार्डं मी लिहितो. म्हणजे लिहायचो. आज महापौर म्हणाले, यंदा डॉक्टरांनाही विचारू, नम्र गृहस्थ आहेत. नम्र! वीस वर्षांत माझ्याबद्दल हा शब्द कुणाला सुचला नाही — सुचण्यासारखा नव्हताच, ते सोडा.

भांडण आमच्या किल्लीवरून आहे. आमचे आजोबा, आमेरिगो तार्की, यांचा ठसा म्हणजे किल्ली. ते गेले १९१२ साली. किल्ली सरळ उभी असेल तर चाकू आजोबांचा, १९१२ आधीचा. डावीकडे कललेली असेल तर नकली. आजोबांमागे कुणीतरी ठसा चोरला. असे एकतीस चाकू मी दालनातून काढून खणात टाकलेत. घराण्याच्या नावाला जपणारा मी एकटाच उरलोय.

दंतवैद्य म्हणतो, सरळ असो वा तिरपी, किल्लीचा दुसरा दात दोन्हीकडे एकाच जागी तुटलाय. म्हणजे ठसा उमटवायचा पोलादी खिळा तोच, ठोकणारा हात वेगळा. चाकू खरे, फक्त नंतरचे.

त्याला तुटका दातच दिसणार!

(रात्रभर दम धरला... नाही, खोटं कशाला लिहू. जेवून लगेच भिंग घेऊन बसलो. दात तुटलाय.)

गुरुवार, २७ ऑगस्ट

गुरुवारी मी एर्सीलिया आत्याकडे जेवतो. वडिलांची थोरली बहीण, शहात्तर वर्षांची, लग्न केलं नाही. मी पोहोचलो तेव्हा दंतवैद्य दारातून बाहेर पडत होता, ओठ पुसत. ओट्यावर पिठाचा सडा. त्याच्यासाठी तोर्तेल्ली केल्या होत्या, बटाटा भरून, हातानं लाटून! मला कालचं भाज्यांचं सूप.

"त्यांना आवडतात," म्हणाली.

मलाही आवडतात म्हटलं. तर म्हणे, तू कधी बोलला नाहीस, तू आलास की आजोबांबद्दल बोलतोस. आणि पळीतून सूप माझ्या बाहीवर सांडलं. दर गुरुवारी सांडतं. डावखुरी माणसं कुठल्या बाजूनं वाढतील सांगता येत नाही.

सोमवार, ३१ ऑगस्ट

बारमध्ये त्याच्याभोवती सात जण. मोजले.

गुरुवार, ३ सप्टेंबर

दंतवैद्य बारमध्ये नाशपाती सोलत होता. हातातल्या चाकूवर तिरपी किल्ली! कुठून आणला विचारलं. आत्यांनी दिला म्हणाला. पाच लिऱ्यांचं नाणं तिच्या हातावर ठेवून घेतला, रीतसर — चाकू फुकट घेतला तर मैत्री तुटते, हे आमच्याकडून शिकून आमच्याच घरात वापरलं. मला आत्यानं आजवर चमचासुद्धा दिलेला नाही. खिशातला चाकू मला वडिलांनी दिला, दहाव्या वर्षी; आज मी बावन्नाचा.

मी म्हटलं, खोट्या मालाबद्दल अभिनंदन.

तो हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "ठोकणारा हात डावा आहे, ओविदिओ. कुणाचा, ते मी सांगणं बरं नाही."

गुरुवार असून आत्याकडे जेवायला गेलो नाही, घरी आलो. कोट काढला. बाहीवरचा सुपाचा डाग तसाच होता.

शनिवार, ५ सप्टेंबर

गेलो आत्याकडे. उभ्या उभ्याच विचारलं, तिरप्या किल्ल्या तुझ्या का?

"हो."

पाती पण? "पाती, मुठीचं शिंग, सगळं." आजोबा गेल्यावर तेरा वर्षं भट्टी तिनं चालवली. माझे वडील पोस्टात चिकटले होते. बाईचा माल कोण घेणार, म्हणून ठसा आजोबांचाच ठेवला.

वीस वर्षं मी तिच्या टेबलाशी बसून तिचं सूप पीत तिच्या चाकूंना नकली म्हणत आलो. आणि तिनं दर वेळी विचारलं — अजून वाढू?

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारायचास कुठे, सांगायचास. डॉक्टरांनी विचारलं."

चुकलो ते गिळेन. पण तिनं त्याला आधी सांगितलं, हे घशाखाली उतरत नाही.

सोमवार, ७ सप्टेंबर

एकतीस चाकू खणातून काढले, पुसले. एकतीस कार्डं — एर्सीलिया तार्की, १९१२ नंतर. उद्या सगळं गाव वाचेल, अक्षर माझं ओळखेल आणि बारमध्ये वर्षभर चघळेल. दंतवैद्य मदतीला आला होता. दारातूनच परत पाठवला. एवढं तरी माझं राहू दे.

मंगळवार, ८ सप्टेंबर

आत्या काळा कोट घालून आली. त्याच्या हाताला धरून! एकतीस कार्डं सावकाश वाचली. मग आजोबांच्या सरळ किल्ल्यांच्या टेबलाशी गेली आणि फिसकन हसली.

बुधवार, ९ सप्टेंबर

का हसलीस, विचारलं. हो — विचारलं. खिशातला माझा चाकू तिच्यापुढे ठेवला. सरळ किल्ली, १९०६. इतकी वर्षं बाकीचे सगळे मी याच्याशीच ताडून बघितले.

"हाही माझाच. बाबा समोर उभे असले की हातोडी उजव्या हातात धरावी लागायची. त्यांचे हात थरथरायला लागले एकोणीसशे चार साली. तेव्हापासूनचे सगळे माझेच."

"मग आजोबा काय करायचे?"

तिनं जरा विचार केला. "ओरडायचे."

मी पाच लिऱ्यांचं नाणं काढून तिच्यासमोर ठेवलं. बेचाळीस वर्षं उशिरा. तिनं ते डाव्या हातानं उचललं.