परातभर बानित्सा

शनिवार, ८ फेब्रुवारी
आज दुकानात सगळ्यांना हसवलं. शेजारची दोच्का नेहमीसारखी चीज आणि पातळ पाऱ्यांची पाकिटं घेत होती. दर रविवारी त्या पाऱ्यांत चीज भरून परातभर बानित्सा भाजते, स्पेनमधला लेक येईल म्हणून. तो काही येत नाही, उरते ती कोंबड्यांना. मी म्हटलं, "घे गं दोच्के, जास्तच घे. लेकाला नाही कळला तरी तुझ्या कोंबड्यांना रविवार कळायला लागलाय." गांचो दुकानदार तर काउंटर धरून हसला. दोच्का ब्रेड तिथंच विसरून गेली. म्हातारपण, दुसरं काय.

रविवार, ९ फेब्रुवारी
कुंपणावरून माझा वाटा आला नाही. कडेचा कुरकुरीत तुकडा दर रविवारी माझाच असतो. सकाळची कॉफीपण फाटकापुढच्या बाकावर एकटीनंच घेतली. तिला सर्दी झाली असणार.

सोमवार, १० फेब्रुवारी
सर्दी नाही. रागावलीय, असं गांचो म्हणतो. आणि कुणावर, तर माझ्यावर. अहो, मी चेष्टेनं बोलले. मनात पापाचा कण नाही. माझा नवरा तोदोर गेला तेव्हा त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात मी पाद्रीबाबाला ठसका लागेपर्यंत हसवलं होतं. तोदोर कुठं रुसला?
ठरलं. आपण आधी बोलायचं नाही. मन साफ असलेल्यानं वाकायचं कशाला?

गुरुवार, २० फेब्रुवारी
मला करमत नाही म्हणून नव्हे, तिचीच दया आली म्हणून गांचोकडं निरोप दिला: तुझं रुसणं या नेदानं मनावर घेतलेलं नाही. एवढा मोठेपणा गावात कोण दाखवतं? उलटा निरोप नाही. गांचोनं नीट सांगितलं नसणार. त्याच्या तोंडात दूधसुद्धा नासेल.

रविवार, २३ फेब्रुवारी
स्वतःच पुढाकार घेतला. कुंपणाशी जाऊन ओरडून विचारलं, कोंबड्यांना माझी आठवण येते का गं. तिला हसवायचं होतं. तिनं कोंबड्या आत घातल्या, स्वतः आत गेली, कडी लावली. कडीचा आवाज मुद्दाम केला.
लोकांना विनोद कळेनासा झालाय. बाकावर दव पडलेलं असतं. दोघी बसायचो तेव्हा कसं पडत नव्हतं?

शनिवार, १ मार्च
मार्चचा पहिला दिवस. गावभर एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधणं चालू. दोच्कानं पोस्टमनला बांधला. गांचोच्या कुत्र्याला बांधला. माझा मीच बांधला, एका हातानं आणि दातांनी. तिरका बसला.
असू दे. उद्या क्षमेचा रविवार. धाकट्यानं थोरल्याच्या दारी जायचं, क्षमा मागायची. आता कुठं जाईल? माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी आहे. हलवा आणून ठेवला. तोंड गंभीर करायची आरशापुढं प्रॅक्टिस केली. छान जमतं.

रविवार, २ मार्च, सकाळ
गांचो मेला शहाणा. म्हणतो, नेदाबाई, दोच्का तुमच्याहून तीन वर्षांनी थोरली, असं तुम्हीच तर गावाला सांगत आलात. सांगितलं असेल. तिच्या सुरकुत्या बघून चेष्टेनं सांगितलं होतं. लोकांनी खरं धरलं तर माझा काय दोष? आणि ती दोच्का, मेली, कधी एका शब्दानं खोडून काढलं नाही तिनं.
म्हणजे नियमानं जायचं मी. जाणार नाही.

दुपार
गेले. रीत म्हणून.
दारातच म्हटलं, "क्षमा कर, दोच्के. पण माझ्या मनात तसं काही नव्हतं."
"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मनात असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. तू आपली सहज बोललीस, नेदे. आणि सगळं दुकान हसलं. तेव्हा कळलं, मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, तो येणार नाही ते."
मग रीतीप्रमाणे म्हणाली, "क्षमा असो." बस म्हणाली. मला वाटलं, चला, जिंकले. कडेच्या तुकड्यासाठी टेबलाकडं बघितलं. टेबलावर अंडं तळायचं पॅन. त्यात बानित्सा, तळहाताएवढी.
परात कुठाय, विचारलं.
"कोंबड्यांच्या पाण्याला ठेवली. एकटीला एवढं पुरतं."
त्यातली अर्धी तिनं मला दिली. एवढ्याशा पॅनमध्ये सगळी कडच असते. कुरकुरीत होती. हसवायला काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, त्यात पुढचा घास घातला.
येताना अंगणात कोंबड्या मला बघून परात सोडून धावत आल्या. पायात घोटाळल्या, माना वर करून हातांकडं बघत राहिल्या.
त्यांना खरंच रविवार कळतो.