मंगळवारचा शिवणक्लास

७ जानेवारी, मंगळवार
आज पाचजण आले. संस्थेच्या बाईंनी कागद दिलाय — 'समवयस्क आधार गट, युवा सक्षमीकरण'. तीनदा अडखळत वाचला. शिवराज म्हणाला, "मावशी, हे दारावर लावलं तर समवयस्क हितनंच पळतील की!"
शिवराजचा कुष्ठरोग बरा झालाय. आता बाकीच्यांना तोच शिकवतो — बधिर जागा रोज बघायच्या, भाजलं-कापलं का ते. पोरं एकमेकांचे तळवे धरून बसतात. कुंभारी गावात मात्र सगळ्यांना सांगितलंय, शिवणक्लास आहे. माझं मशीन आहेच कोपऱ्यात.

८ जानेवारी
समोरच्या गोजरबाई ब्लाऊजपीस घेऊन हजर! "पोरांचा हात बसंल, आन् मला फुकट." घेतलं. काय करणार!

१४ जानेवारी, संक्रांत
गटातली सोनाली तिळगूळ घेऊन आली. तोंड उतरलेलं. तिच्या गोळ्या अजून चार महिने चालणार, आणि वैरागचं स्थळ आलंय — आदिनाथ, बियाण्याच्या दुकानात असतो. आईनं बायोडाटात लिहिलं: शिवणकाम येते. वर दम दिला, "लग्नाआधी त्वांड उघडलंस तर बघ!"
मला विचारते, सांगू का?
मी काय सांगणार. यांनी मला सांगितलं नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाल्यावर कपाटात पेपराखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. त्यावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. सगळं वाचून झालं की कडाडून भांडायचं ठरवलं होतं. पण तेवढ्यात यांच्या पायाची जखम चिघळली. भांडण राहूनच गेलं. यांना जाऊन सहा वर्षं झाली.

१९ जानेवारी, रविवार
मुलाची आई क्लास बघायला येणार म्हणे! सगळे मशीनभोवती. बधिर बोटाला सुई लागलेली कळत नाही, म्हणून सुईला हात फक्त माझा. शिवराजनं खडूनं आखून दिला तसा मी गोजरबाईंचा ब्लाऊज शिवला — दोन्ही बाह्या डाव्या. येडू, गटातला सगळ्यात वात्रट, म्हणाला, "झालं सक्षमीकरण!" हसून हसून पोट दुखलं.

२१ जानेवारी, मंगळवार
मुलाची आई ठरल्या वेळेच्या आधीच आली. पोरं नेमकी तळवे बघत होती. येडू चटकन म्हणाला, "हाताचं माप घेतोय, काकू." बाई खूश! "लई बारीक शिकिवता हो." सोनाली पसंत.
सोनाली हसली नाही. जाताना म्हणाली, "मावशी, मी त्यास्नी सांगनार. मोडलं तर मोडू दे."
आजवर मी कुणाला सांग म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

२२ जानेवारी
सोनालीनं माझ्याशेजारी बसून आदिनाथला फोन केला. सगळं सांगितलं — रोग, गोळ्या, हा क्लास.
पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.
मग म्हणाला, "आमच्या गटाला आमी वैरागात टायपिंग क्लास म्हनतो."