तिचं म्हणणं मांडण्याआधी

गुरुजी, तक्रार चहाची आहे. कात्रजच्या बालगृहात मला फार चांगला चहा देतात. आलं घातलेला, कपबशीतून, सोबत बाकरवडी, आणि हे सगळं न मागता. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने यावर संशय घ्यायचा नाही तर कशावर घ्यायचा? अधीक्षकबाई म्हणतात, "अहो घ्या ना, मुली कुठे पळून जातायत!" आणि मग, आपण काय बोललो हे लक्षात येऊन, घाईघाईने साखर पुरे आहे का विचारतात.

मी तिथे कशाला जातो हे सांगायला हवं, कारण तुमच्या वेळी असलं काम नव्हतं. घर सुटून सरकारच्या आसऱ्याने वाढणाऱ्या मुलांनी कुठे राहायचं ते बालकल्याण समिती ठरवते. तिथे जो तो मुलाच्या हिताचंच बोलतो. पण मुलाला स्वतःला काय हवंय हे सांगणारा एक तरी बाहेरचा माणूस असावा, संस्थेचा नाही, सरकारचाही नाही, म्हणून आम्ही काही जण विनावेतन जातो. तुम्ही म्हणाला असता, "म्हणजे दूत. दूताने निरोप पोचवावा, स्वतःची अक्कल पाजळू नये."

सध्या एक पंधरा वर्षांची मुलगी आहे. आईवडील नाहीत. मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर काम करणारा तिचा काका इतक्या वर्षांनी तिला घरी न्यायला आलाय. बायकोला नुकतंच बाळ झालंय, हेही त्यानेच कौतुकाने सांगितलं. धुणीभांडी येणारी पुतणी नेमकी आत्ताच आठवावी, याला वात्सल्य म्हणायला मी तयार नव्हतो. मुलीला विचारलं तर ती ताठ उभी राहून म्हणाली, "मला माझ्या माणसांत राहायचं आहे." पंधरा मिनिटांपूर्वी माझ्यापुढे बशी सरकवताना अधीक्षकबाई तिच्याबद्दल हेच बोलल्या होत्या, शब्दाला शब्द.

पाठ केलेलं मला ओळखू येतं, गुरुजी. शनिवार पेठेतल्या तुमच्या माडीवर आम्ही ओळीने बसलोय, तुम्ही एकदा म्हणताय, आम्ही दोनदा. मी एका सुभाषिताचा अर्थ घडाघडा सांगतो आणि शाबासकीसाठी मान वर करतो. तुम्ही उपरण्याने चष्मा पुसत म्हणता, "हे कालचं माझं आहे. मलाच परत कशाला देतोस? तुला काय कळलं ते सांग." मला काहीही कळलेलं नसतं.

म्हणून मी मुलीला अंगणात बोलावलं. बाईंना आम्ही दिसू, पण ऐकू येणार नाही इतक्या लांब. ती माझ्याकडेच संशयाने बघत होती.

"तुम्ही यांचेच ना, सर?"

"मी कोणाचाच नाही."

"मग चहा कोणाचा पिता?"

इतका नेमका पूर्वपक्ष तुमच्या पाठशाळेत कोणी मांडला नव्हता. मी हसलो. ती नाही हसली.

मग मी विचारलं, काकांकडे जायचंय ना? "हो." नक्की? "हो." असं बोल म्हणून कोणी शिकवलं नाही ना? ती चपलेने माती उकरायला लागली. तिकडे जायचं दडपण तर वाटत नाही ना? तिने माझा चेहरा जरा वेळ न्याहाळला आणि म्हणाली, "नाही जायचं. दडपण वाटतं."

मी विजयी मुद्रेने बसमध्ये चढलो. स्वारगेटपर्यंत ती मुद्रा उतरली होती. या वयाच्या मुली 'टेन्शन' म्हणतात हो. 'दडपण' माझं होतं. मी दिलं, तिने परत केलं. संस्थेत वाढलेल्या मुलांना ही विद्या लवकर येते: समोरच्या मोठ्या माणसाला कोणतं उत्तर हवंय ते ताडायचं, देऊन टाकायचं आणि सुटायचं. बाईंना बाईंचं दिलं, मला माझं.

उद्या समितीची बैठक आहे. मी मुदत मागणार आहे. अध्यक्ष विचारतील, "तुमचा संशय नेमका कोणावर?" आणि मला खरं सांगावं लागेल, की यादीत आता मीही आहे.

तुम्ही गेलात तिथे पोचवायची सोय असती तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. तुम्ही शुद्धलेखन तपासून परत केलं असतं आणि मजकुराबद्दल अवाक्षर काढलं नसतं.

काका मतलबी आहे असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं. तिला कदाचित खरंच घर हवं असेल, कसंही असलं तरी. कदाचित नसेलही. उद्या मी तिच्या वतीने बोलायला उभा राहीन, आणि तिला काय हवंय हे मला माहीत नाही.