उन्हातली खोळ

भोर, १२ फेब्रुवारी १९५४

आमच्या तालीममास्तराचं तोंडसुद्धा बघायची इच्छा नाही. बारा वर्षं झाली या नाटक कंपनीत. कधी गडी, कधी चोर, कधी कुणाचा तरी म्हातारा बाप. आज धनगर. मी वेल्ह्याकडचा, जन्माचाच धनगर, आणि हा पुण्याचा शहाणा मला घोंगडी घ्यायला शिकवतो! म्हणे, घोंगडी दुमडून डोक्यावरून खोळ घे, त्याशिवाय धनगर दिसत नाहीस. अरे, खोळ पावसात घेतात! प्रवेश भर उन्हाळ्यातला. सांगून पाहिलं, त्याने ऐकलं नाही. आणि मी घेतली.

पडदा उघडला आणि सगळं भोर खदखदून हसलं. पुढच्या रांगेत माझे वडील, आबा, होते, माझं काम पहिल्यांदाच बघायला डोंगर उतरून आलेले. ते हसले नाहीत.

खेळ संपल्यावर म्हणाले, "उनात खोळ कोन घेतं रं?"

"मास्तर म्हनले, आबा."

"त्याला ठावं न्हाई. तुला तर व्हतं."

जेवायलाही थांबले नाहीत.

वर तो शहाणा पाठ थोपटून म्हणतो, "हशा झकास आला. उद्याही खोळ घे."

मी म्हणालो, "बरं."

बरं!