राजकन्येच्या सोयीबाबत

नांदेड,
श्रावणातला दुसरा बुधवार

श्रीमान भगवानराव पाव्हणे, शिरूर अनंतपाळ, यांना शेषेरावचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरते, पण तुमच्यासाठी वाकलो.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? तुम्ही सांगितलेलं तेल मी माझ्याही गुडघ्याला लावून पाहिलं. गुडघ्यात फरक नाही, पण त्या वासाने शेजारचे लोक जिन्यात थांबून गप्पा मारायचे बंद झाले, तेवढा फायदा झाला. वहिनींना सांगा, लोणच्याची बरणी सुखरूप पोचली आणि निम्मी झाली. सोयाबीन जोमात आहे हे ऐकून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तिसरी तर आमच्यापेक्षा ठीक आहे, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

हातात फोन असताना हा माणूस पत्र का लिहून राहिला, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण तुम्हीच. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पारावर बसता. मी इथून हळू आवाजात जे बोलतो ते तिथे पंधरा माणसं ऐकतात आणि त्यातली दोघं मधेच सल्लाही देतात. शिवाय मी फोन उचलला की इकडे भाजी निवडणाऱ्या तुमच्या बहिणीचे, म्हणजे आमच्या केवळाबाईचे, हात थांबतात. काही गोष्टी कागदावर बोललेल्याच बऱ्या.

तर मुद्दा असा, की येत्या रविवारी तुम्ही झाकणाचं टोपलं घेऊन येणार आणि राजकन्येला शेतावर नेणार, हे तुमचं आणि केवळाबाईचं परस्पर ठरलं. ठरल्यावर मला कळवण्यात आलं. (आमच्या घरातले ठराव असेच पास होतात, मी नुसती सही करतो. ग्रामसेवक होतो तेव्हाही हेच चालायचं.) तुमच्या मनात काही वाईट नाही हे मला ठाऊक आहे. ती मांजर तुमच्याच गोठ्यात जन्मली, मागच्या दिवाळीत आमच्या वर्षाराणीने ओढणीत गुंडाळून आणली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘ने माय, इथं लई झाल्यात.’ पण ज्येष्ठात वर्षाराणीला हैदराबादच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. तिच्या होस्टेलात मांजराला परवानगी नाही. ‘पप्पा, सांभाळा हं हिला,’ म्हणून ती गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला तिचा व्हिडिओ फोन येतो. आधी म्हणते, राजकन्या दाखवा. राजकन्या असते कपाटाखाली. तिला बाहेर काढेपर्यंत दहा मिनिटं जातात, आणि त्या दहा मिनिटांत पोरगी विचारते, जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, आणि स्वतःच्याही चार गोष्टी सांगते. नुसत्या आमच्यासाठी ती फोन करणार नाही असं माझं म्हणणं नाही. पण दिवसभर पायावर उभं राहून थकलेलं लेकरू नुसत्या आईबापाशी रोज काय बोलणार? मांजर गेली की तो फोन दोन मिनिटांवर येईल, ही मला धास्ती आहे. म्हणून टोपलं काढायच्या आत हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

माझी सगळी नोकरी लोकांना संडास बांधायला लावण्यात गेली, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच तालुक्यातली तीन गावं मी हागणदारीमुक्त केली. गळ्यात शिट्टी अडकवून पहाटे गुड मॉर्निंग पथक घेऊन निघायचो आणि टमरेल घेऊन चाललेल्या माणसाच्या हातात गुलाबाचं फूल द्यायचो. (त्यातलं एक फूल तुमच्या हातात पडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. तुम्ही शेतावर मोटर चालू करायला निघाला होतात हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानतो. मोटरला टमरेलभर पाणी लागतच असेल.) ज्या माणसाने तीन गावांना वळण लावलं त्याला एका मांजरीला लावता येऊ नये, हे मनाला लागतं की नाही ते तुम्हीच सांगा.

पहिली सोय वर्षाराणीने मोबाइलवरून मागवून दिली. गुलाबी रंगाचं प्लास्टिकचं पात्र, वर छप्पर, पुढे झुलतं दार, आणि सोबत फुलांच्या वासाची वाळू. असलं बांधकाम मी आख्ख्या नोकरीत कोणाला मंजूर करून दिलं नाही. राजकन्येने दारातून आत डोकं घातलं, लागोपाठ चार शिंका दिल्या आणि बाहेर येऊन छपरावर चढून बसली. ऊन खायला ती जागा तिला पसंत पडली. मला याचं नवल वाटलं नाही, कारण अनुदानाच्या संडासात कडबा भरून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. फक्त त्या दिवशी तिने जो कार्यक्रम उरकला तो माझ्या हयातीच्या दाखल्याच्या फायलीवर उरकला. मी जिवंत असल्याचा तो एकच कागदोपत्री पुरावा होता.

मग मी समोरच्या बांधकामावरून घमेलं आणि वाळू आणली. घमेलं खोलगट, ती काठावर पाय द्यायची आणि घमेलं तिच्या अंगावर यायचं. खाली विटा लावल्या. जागा निवडली ती मोरीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, म्हणजे सगळी धुलाई एका ठिकाणी. इथे माझं चुकलं. शुक्रवारी सवाष्ण जेवायला बसली होती, आत राजकन्या घमेल्यात बसली होती, आणि मशीन कपडे पिळायला लागलं. ते पिळताना सगळी मोरी हादरते. राजकन्या काम अर्धवट टाकून जी निघाली ती बैठकीतून, सवाष्णीच्या ताटाला वळसा घालून, थेट कपाटाखाली. मागे वाळूचा रस्ता, आणि रस्त्यात नुसती वाळूच होती असंही नाही. सवाष्ण भली बाई. फक्त दुसरी पुरणपोळी नको म्हणाली.

आता घमेलं स्वच्छ धुवावं म्हणून मी ते फिनाइलने धुतलं. टोपणभर पुरे होतं, मी तीन घातली. वास आला म्हणजे स्वच्छता झाली, हा आमच्या खात्यातला समज. त्यानंतर ती मोरीकडे फिरकेचना. दीड दिवस तिने कुठे काहीच केलं नाही, मला काळजीने जेवण जाईना. मी तिच्या मागे मागे हिंडत होतो आणि केवळाबाई माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी राजकन्येने जागा शोधली. गॅलरीतली तुळशीची कुंडी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पाचव्या मिनिटाला तुम्हाला फोन आला. ‘ह्या घरात एक तर तुळस राहील न्हाई तर ती. महालक्ष्म्या महिन्यावर आल्या, म्या देवीला काय तोंड दाखवू?’ हे तुमच्यासोबत पारावरच्या सगळ्यांनी ऐकलं असेल. तुम्ही फवारणी उरकून येतो म्हणालात, म्हणून मला दोन आठवडे मिळाले. ते मी वाया घालवले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी जनावरांच्या दवाखान्यात उज्वला डॉक्टरांकडे गेलो. (मांजर नेली नाही, एकटाच गेलो. रांगेत माझ्या दोन्ही बाजूंना शेळ्या होत्या, आणि मला काय झालंय असं सगळे बघत होते.) बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, काका, वासाची वाळू बंद करा, मांजराचं नाक आपल्यापेक्षा तिखट असतं. फिनाइल तर घरातून काढूनच टाका, त्याने ती आजारी पडेल. पात्र उघडं हवं, पसरट हवं, तिला आत सगळी गोल फिरता आली पाहिजे, काठ बुटका हवा. जागा शांत, जेवणाच्या ताटलीपासून लांब. रोज दोनदा घाण उचला, आठवड्याला साध्या साबणाने धुवा, उन्हात वाळवा. आणि लहानपणी ज्या मातीत शिकली असेल ती माती मिळाली तर लगेच ओळखेल. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुळशीच्या कुंडीत तुमच्या शेतातली काळी माती आहे. बिचारीने तुळस बघितलीच नव्हती, तिने माहेर बघितलं.

आता उघडं, पसरट आणि बुटक्या काठाचं भांडं म्हणजे परातच. आमच्या वास्तुशांतीला आहेरात पाच पराती आल्या, त्या माळ्यावर पडून आहेत. केवळाबाई देवळात गेलेली बघून मी स्टुलावर चढलो, चष्मा खालीच राहिला, हाताला लागली ती परात ओढली. देणाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांवर नावं कोरून घेतलेली असतात, पण कोणती कोणाची हे बघायला तेव्हा सवड नव्हती. तुळस केवळाबाईने नव्या मातीत लावली होती, टाकून दिलेली जुनी माती मी परातीत पसरली आणि परात मागच्या गॅलरीत कूलरच्या आड ठेवली. राजकन्या आली. वास घेतला. आत उतरून दोनदा गोल फिरली, पुढच्या पायाने खड्डा केला, बसली, आणि उठल्यावर सगळं नीट झाकून शेपटी वर करून निघून गेली. पाव्हणे, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जवळ गुलाब असता तर दिला असता.

त्याला आज अकरा दिवस झाले, एकदाही चूक नाही. सकाळ-संध्याकाळ मी झाऱ्याने उचलतो, माती खाली गळते आणि नको ते वर राहतं. (झारा कुठला ते विचारू नका.) पण हे यश मी घरात सांगू शकत नाही, कारण यश दाखवायचं म्हणजे परात दाखवावी लागेल, आणि स्वयंपाकाची परात मांजरीखाली दिली हे कळलं तर टोपल्यात मलाही बसावं लागेल. म्हणून तुम्हीच काहीतरी तजवीज करा. शेतावर कुत्री फार झाली आहेत म्हणा, नाहीतर गुडघा दुखतो म्हणा. रविवारी फोन करून येणं रद्द करा. तुमच्या शब्दाबाहेर तुमची बहीण जात नाही.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. उत्तर फोनवर देऊ नये.

आपला,
शेषेराव

ता. क. येणं रद्द करा असं वर लिहिलं खरं, पण खरी अडचण अशी की कुंडीतली माती संपत आली. नांदेडात मुरूम मिळतो, लाल माती मिळते, ती राजकन्येला चालत नाही. तेव्हा रद्द न करता या, फक्त टोपल्याऐवजी बांधावरची दोन पोती काळी माती घेऊन या. खत घातलेली नको. केवळाबाईला गुलाबाच्या झाडांसाठी आणली असं सांगू.

आणखी ता. क. ही गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. रविवारी परात धुवून उन्हात ठेवली तेव्हा डोळ्यांना चष्मा होता. मागच्या बाजूला कोरलंय : ‘चि. सौ. केवळाबाईस वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट, बंधू भगवानराव, शिरूर अनंतपाळ.’ तुम्ही दर भेटीत विचारता, माझी परात वापरता ना, आणि मी दर वेळी सांगतो, रोज वापरतो. इतकी वर्षं ते खोटं होतं. आता अकरा दिवसांपासून खरं आहे. हवं तर तुम्ही मला एक गुलाब द्या आणि फिटलं म्हणा.

दादा, म्या केवळा. यायनी पाकीट चिकटवायला गोंद मागितला, तवा म्या गोंद दिला आन कागद घेतला. सगळं वाचलं. कूलरच्या मागं परात हाय हे मला दुसऱ्याच दिवशी दिसलं. हे दुपारी झोपले की म्याच पुन्हा नीट साफ करती, यायचं साफ करणं वरवरचं असतंय. बोलले न्हाई, कारण रिटायर झाल्यापासून हे दिसभर खिडकीत बसून राहायचे. आता सकाळी उठून कामाला लागल्यात. तुझ्या परातीचा राग मानू नको. लई मोठी परात हाय ती. यायच्या ध्यानात न्हाई, पर वर्षा व्हती, तिच्या मैत्रिणी यायच्या, तवा म्या तिच्यातच कणीक मळायची. ती गेल्यापासून खाली काढलीच न्हवती, दोघाच्या भाकरीला एवढी परात कशाला लागती. आता रोज हाताखाली येती, रोज तुझं नाव पुसून ठेवती. त्या दिवशी रागात फोन केला, ते ध्यानात ठेवू नको. रविवारी ये, टोपलं आणू नको. माती तिकडूनच चाळून आण. यायला चाळायला दिली तर हे माझी पिठाची चाळणी घेतील, झारा तर गेलाच.