वारेचा पापुद्रा आणि सोयराचा निवाडा

कामतघर, भिवंडी
१८ नोव्हेंबर २००७

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या चांगदेवाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मुरबाडला थंडी पडली असेल, तेल चोळत जा. फोनवर तू ‘बरं’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून हा पत्राचा घाट.

तर माझा उजवा डोळा जाता जाता राहिला. पानाला लावायच्या चुन्याची पुडी तोंडाशी सुकली होती. मी ती डोळ्यासमोर धरून दाबली (तुझी भावजय नीला म्हणते, एवढ्या जवळून कोणी सुईत दोराही ओवत नाही) आणि सगळा चुना फट्कन् डोळ्यात! अगं आई गं, काय ती आग! आधी नळाखाली धरला, मग ठाण्याला, तिथून मुंबईला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याचा वरचा पडदा भाजलाय, त्यावर बाळाच्या वारेचा पातळ पापुद्रा शिवू. म्हटलं, बाई, माझ्या वयाला वार कसली आणता! तर म्हणे, एका बाळंतिणीनं दान दिलीय, नीट तपासलेली आहे, तिच्यात अँटिऑक्सिडंट असतात, दाह शमतो आणि जखम भरते. हा शब्द ऐकताच नीलाचे कान टवकारले. तिच्या टीव्हीवरची बाई म्हणते की ते आवळ्यात असतात, आणि आमच्याकडे तर मोरावळ्याची बरणी भरलेली! मी चांगला डोळाही घट्ट मिटून घेतला.

आता बरं आहे. खिडकीतला नारळ दिसतो, जरासा धुकट. पण घरी आलो तर शेजारच्या गुणाबाई दारातच उभ्या. ‘भावजी, वार घरात आली म्हंजे सोयर आलं. देवाला शिवायचं न्हाय!’ नीलाला तेवढंच हवं होतं (मी पूजेला बसलो की तेल सांडतं). पॉवरलूमवरचा सादिक तर ‘मुबारक हो काका, लडका के लडकी?’ विचारून गेला. आक्का, आपल्यात सोयरसुतकाचं तुझ्याइतकं कोणाला कळत नाही, तेव्हा निवाडा तूच दे. तुझ्या लेकीनं जातीबाहेर लग्न केलं (तिचं नाव काढायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून मृणालीचं नाव मी काढत नाही). तिला मुलगी झाली तेव्हा तू म्हणालीस, ‘मला कसलं सोयर? माझं कोणी नाही.’ मग ही वार देणारी तर कोण कुठली बाई! तिची जात ठाऊक नाही, धर्म ठाऊक नाही, इस्पितळवाले सांगत नाहीत. तिच्या बाळाचं सोयर मी पाळायचं का? डोळ्यानं तर पापुद्रा मुकाट्यानं ठेवून घेतला. खरं सांगू, त्या माउलीची मला रोज आठवण येते.

बाकी सगळं छान.

तुझा,
चांगदेव

ता. क. निवाड्याची घाई नाही. पूजा नीला करते आणि मी पडल्या पडल्या चहा पितो.

आणखी एक ता. क. मृणाली लेकीला घेऊन आमच्याकडेच आलीय. रविवारी बारसं आहे. पाळण्याशी आजी हवी. ये. मला अजून लिहायला मनाई आहे, मी नुसता सांगतोय. अक्षर कोणाचं ते तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील, आक्का. तरी इथवर वाचलंस.